जनरल डबा लहान कुणी केला?



माझ्यापुढं तीन कागद आहेत. पहिला, सर्वोच्च न्यायालयाचा १ ऑगस्ट २०२४ चा निकाल, पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग. दुसरा, २१ ऑगस्ट २०२४ च्या भारत बंदसाठी आपण काढलेलं पत्रक. तिसरा, त्याच आठवड्यात त्याच तालुक्यात मातंग भावांनी वाटलेलं पत्रक.

आपण कविता तपासतो, कथा तपासतो, कुणाची बांधिलकी खरी नि कुणाची उसनी यावर रात्र रात्र भांडतो. पण ज्या कागदांवर आपल्या पोरांची भाकर ठरते ते कागद आपण वाचत नाही. वर्तमानपत्रातलं शीर्षक वाचतो आणि मोर्चाचा रस्ता ठरवतो. म्हणून हे तीन कागद मी समीक्षकासारखे वाचायचे ठरवलेत. दुसरं पत्रक लिहिणाऱ्या सातजणांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी आपल्यावर बोललो तर ‘हा कोण बाहेरचा’ असं म्हणायला जागा नको.

पहिला कागद

साडेपाचशेहून जास्त पानं. सात न्यायमूर्ती, सहा निकालपत्रं. सहा विरुद्ध एक असा कौल. म्हणणं थोडक्यात असं : राष्ट्रपतींच्या यादीत, कलम ३४१ खाली, ज्या जाती अनुसूचित म्हणून आल्यात त्या सगळ्या आतून एकसारख्या नाहीत. त्यांच्यात जास्त मागं राहिलेल्यांसाठी राज्याला वेगळा वाटा ठेवता येईल. मात्र त्यासाठी आकडे दाखवावे लागतील, आणि सगळाच्या सगळा वाटा एकाच गटाला देता येणार नाही. २००४ साली चिन्नय्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी याच्या उलट सांगितलं होतं. ते पुसलं गेलं. न्यायमूर्ती बेला त्रिवेदी एकट्या विरोधात राहिल्या. यादीला हात लावायचा हक्क राज्यांना नाही, असं त्यांचं म्हणणं.

या प्रश्नाचा जन्म दिल्लीत झालेला नाही. पंजाबनं १९७५ सालीच वाल्मीकी आणि मजहबी शीख यांना अनुसूचितांच्या निम्म्या जागांवर पहिली पसंती दिली होती. आंध्रात १९९४ पासून मादिगांची दंडोरा चळवळ उभी राहिली. माला पुढं गेले, आम्ही मागं राहिलो, आमचा वाटा वेगळा काढा, ही त्यांची मागणी. रामचंद्र राजू आयोगानं अ, ब, क, ड अशी विभागणी सुचवली, कायदा झाला आणि २००४ ला पडला. माला-मादिगा वाचताना तुम्हाला काही ओळखीचं वाटलं का? मला वाटलं. नावं बदलून वाचा, आपलाच गाव दिसेल.

आता आपल्याला बोचणारी गोष्ट. निकालातला मूळ मुद्दा खरा आहे. अनुसूचित जाती एकजिनसी नाहीत, हे सांगायला आपल्याला न्यायालय लागावं ही आपलीच शरम. महारवाडा वेगळा, मांगवाडा वेगळा, पाणवठा वेगळा, मसणवटाही वेगळा. बेटीव्यवहार तर आजही नाही. श्रेणीबद्ध विषमता हा सिद्धान्त बाबासाहेबांनीच मांडला. वरचा खालच्याला तुडवतो आणि तो खालचा आणखी खालच्याला, म्हणून सगळे मिळून वरच्याविरुद्ध उठत नाहीत. हा सिद्धान्त आपण बामणाला सांगताना घसा फोडून सांगतो, आणि आपल्या वाड्याच्या वेशीवर आल्यावर गिळून टाकतो. ‘आम्ही सगळे अनुसूचित एकच’ म्हणणं हे बाबासाहेबांच्या विरुद्ध बोलणं आहे, हे मला निकाल दुसऱ्यांदा वाचताना उमगलं.

पण निकालात खोट आहे, आणि ती एका रूपकात आहे. न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिलंय की उपवर्गीकरणाला विरोध करणारे हे रेल्वेच्या जनरल डब्यातल्या माणसासारखे आहेत. आधी बाहेर उभा राहून आत घुसायला धडपडतो, आणि एकदा आत आला की बाहेरच्याला आत येऊ देत नाही. हे लिहिणारा माणूस अमरावतीचा, रा. सू. गवईंचा मुलगा, पुढं मे २०२५ मध्ये देशाचा पहिला बौद्ध सरन्यायाधीश झालेला. घरातल्याच माणसानं कानाखाली मारावी तसं आपल्याला ते लागलं. आपल्यातल्या काहींनी त्यांना शिव्याही घातल्या. मी घालणार नाही. दारात उभं राहून ढकलाढकली आपण केलीय, हे कबूल.

माझा प्रश्न वेगळा आहे. जनरल डब्यात एवढी गर्दी का? गाडीला जनरल डबे किती जोडलेत? न्यायमूर्तींनी दारातली माणसं मोजली, डबे मोजले नाहीत. आरक्षण फक्त सरकारी नोकरीत, आणि सरकारी नोकरीच कापत चाललेत. कार्यालयात शिपाई ठेकेदाराचा, संगणकावर बसलेली पोरगी एजन्सीची, पहारेकरी तिसऱ्याच कंपनीचा. नगरपालिकेचा कचरा कंत्राटात, कॉलेजातला मास्तर तासिका तत्त्वावर. ठेकेदाराला बिंदुनामावली नाही. रोस्टर नाही म्हणजे आपला बिंदूच नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. आणि ज्या उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांत बसून हे लिहिलं गेलं तिथल्या न्यायमूर्तींच्या नेमणुकीतही नाही. डबे एकेक करून सोडवून साइडिंगला लावायचे, उरलेल्या डब्याच्या दारात महार-मांगांना झुंजवायचं, आणि मग म्हणायचं बघा हे एकमेकांना आत येऊ देत नाहीत! रूपक चुकीचं नाही, अर्धं आहे. आणि अर्धं रूपक फार धोक्याचं असतं, कारण ते खरं वाटतं.

मलईची गोष्ट

याच निकालात दुसरी एक गोष्ट शिरली. चार न्यायमूर्तींनी सुचवलं की अनुसूचित जाती-जमातींनाही क्रीमी लेअर लावा. न्यायमूर्ती पंकज मित्तल तर म्हणाले, आरक्षण पहिल्या पिढीपुरतंच असावं. हा मुद्दा खटल्यात विचारलेलाच नव्हता. त्यामुळं तो बंधनकारक हुकूम नाही. आणि केंद्राच्या मंत्रिमंडळानंही ९ ऑगस्ट २०२४ ला सांगितलं की हे लावणार नाही. पण वर्तमानपत्रांनी दोन्ही गोष्टी एकाच कढईत टाकल्या, आणि आपणही तसंच गिळलं. म्हणून फोड करून सांगतो. उपवर्गीकरण म्हणजे जातींच्या आत जास्त दडपलेल्या जातीला वाटा. त्याची कसोटी जातच. क्रीमी लेअर म्हणजे माणसाची मिळकत बघून त्याला बाहेर काढणं. त्याची कसोटी पैसा. पहिली गोष्ट आंबेडकरी विचारात बसू शकते. दुसरी बसत नाही, कारण अस्पृश्यता गरिबीचा रोग नाही. तहसीलदार झालेल्या माणसालाही भाड्याचं घर शोधताना आडनाव विचारतात. त्याच्या पोराला हॉस्टेलात ‘सरकारचे जावई’ म्हणतात. बापाचा पगार त्या शब्दाच्या आड येत नाही.

आणि न्यायाची गंमत बघा. २०१९ साली १०३ वी घटनादुरुस्ती करून आर्थिक दुर्बलांना दहा टक्के दिले. वर्षाला आठ लाखांच्या आत मिळकत असलेला सवर्ण दुर्बल ठरला. त्यातून अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसीतले गरीब वगळले, का, तर तुम्हाला आधीच आहे. ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी हे चालेल म्हटलं. म्हणजे गरीब दलिताला सांगितलं, तू गरीब म्हणून ये नकोस, जातीचा म्हणून ये. दोन वर्षांत त्याच न्यायालयातून आवाज आला, तू जातीचा म्हणून येतोस खरा, पण गरीब आहेस का ते दाखव. आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत तर आपल्याला मिळकतीची अट आहेच, अडीच लाख. अडीच लाखांवरचा दलित बाप शिष्यवृत्तीला श्रीमंत, आणि आठ लाखांच्या आतला सवर्ण बाप दुर्बल. हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात ते मला दाखवा, मी तिथं नाव घालतो.

तरीपण क्रीमी लेअर नको म्हणताना आपल्या साहेबांना अभय देऊ नका. दाराची पाटी बदलून घेतलेले, वस्तीत वर्षातून एकदा १४ एप्रिलला निळा फेटा बांधून येणारे, आपल्या पोराच्या पेढ्याला बोलावणारे पण वस्तीतल्या पोराच्या फॉर्मवर सही मागितली तर ‘उद्या या’ म्हणणारे. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची खंत जाहीर बोलून दाखवली होती. ती खंत न्यायालयाच्या हातात हत्यार म्हणून गेली यात आपल्या साहेबांचाही वाटा आहे. त्याचा हिशेब आपण घ्यायचा. न्यायालयानं नव्हे.

दुसरा कागद

आता आपलं पत्रक. एक पान, पाठपोट. ‘फूट’ हा शब्द सात वेळा आलाय. ‘षड्यंत्र’ पाच वेळा. ‘घटनाबाह्य’ चार वेळा. ‘मातंग’ हा शब्द एकदाही नाही. ‘चर्मकार’ नाही, ‘ढोर’ नाही, ‘मेहतर’ नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जाती ५९ आहेत. आपल्या पत्रकात फक्त ‘समाज’ आहे. फूट पडायला आधी एकी लागते. ती होती असं आम्ही सातजणांनी लिहून टाकलं. सातही बौद्ध.

पत्रक विहारात वाचून दाखवलं त्या संध्याकाळी दाराजवळ मातंग गल्लीतला एक पोरगा बसला होता. बी.ए. दुसऱ्या वर्षाला. बाप बँडमध्ये वाजवतो. अभ्यासिकेला रोज येतो, अण्णाभाऊंवर माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. वाचून झाल्यावर त्यानं हात वर केला.

‘दादा, हे कुनाच्या वतीनं काढलंय?’

मी म्हणलं, ‘खाली लिहिलंय की, समस्त अनुसूचित जातींच्या वतीनं.’

‘मग आमच्या गल्लीत इच्यारायला कोन आलतं?’

कुणी काही बोललं नाही. आमच्यातला एकजण म्हणाला, ‘अरे, तू आपलाच आहेस.’ पोरगा म्हणाला, ‘आपला हाय म्हणूनच इच्यारायलोय. परका असतो तर गप बसलो असतो.’ आणि उठून गेला. नंतरचे तीन आठवडे अभ्यासिकेला आला नाही. तो निकालाच्या बाजूचा होता की विरोधातला, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं ना!

या पत्रकाचा दुसरा दोष असा की ते लढाई हरायचीच तयारी करून लिहिलंय. ‘निकाल रद्द करा’ ही एकच मागणी. पुनर्विचार याचिका सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्येच फेटाळल्या. हरियाणानं विभागणी केली. तेलंगणानं कायदा करून १४ एप्रिल २०२५ ला, बाबासाहेबांच्या जयंतीलाच, तीन गट लागू केले : एक, नऊ आणि पाच टक्के. महाराष्ट्र शासनानं ऑक्टोबर २०२४ मध्येच समिती नेमली. आपलं पत्रक तिथंच उभं राहिलं, रस्ता पुढं गेला. विभागणी कशी व्हावी, कशी होऊ नये, यावर आपण एक ओळ लिहिली नाही. ज्यांनी लिहिलं त्यांच्या मनासारखी होणार.

तिसरा कागद

मातंग भावांचं पत्रक वाचताना पहिल्यांदा माझं डोकं फिरलं. ‘बौद्धांनी सगळं खाल्लं’ हे त्यातलं मोठ्या अक्षरांतलं वाक्य. आकडा एकही नाही. कोपऱ्यात एका सत्ताधारी पुढाऱ्याचा फोटो, हात जोडलेला. या फोटोचं आणि त्या वाक्याचं नातं काय ते सांगायला नको.

बौद्धांनी खाल्लं नाही. बौद्ध आधी उठले. बाबासाहेबांची चळवळ आमच्या वाड्यातून आधी गेली. गावकी सोडा, मेलेली ढोरं ओढू नका, शाळेत जा. महार वतनाविरुद्ध त्यांनी १९२८ साली कौन्सिलात बिल आणलं. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. १९४६ ला सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादचं मिलिंद. १९५६ ला धम्म. जुनं काम सुटलं आणि पाटीपेन्सिल हातात आली. सवलत कागदावर होती ती घ्यायला माणसं तयार होती, एवढीच त्यातली जादू. आणि तीही फुकट मिळाली नाही. धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत वाट बघावी लागली.

पण मग मातंग मागं का राहिले, याचं उत्तर ‘ते झोपले होते’ असं देणाऱ्याच्या मी थोबाडीत मारीन. दोर वळणं, केरसुण्या बांधणं, हलगी वाजवणं, सुताराला-कुणब्याला लागेल ते करणं. बलुतं असलं तरी हाताला धंदा होता, आणि धंदा सोडा म्हणणारी हाक त्या गल्लीपर्यंत पोचवायला आम्ही गेलो नाही. मग नायलॉनचा दोर आला. केकताडाचा वाख काढून वळलेल्या कासऱ्याला बाजारात कुणी विचारीना. धंदा गेला आणि हातात पाटीपेन्सिल आलेली नव्हती. उरला उसाचा फड. दिवाळीनंतर कोयता घेऊन बिऱ्हाड कारखान्याकडं, पोरगं अर्ध्या वर्षात शाळेतून बाहेर. त्या पोराला दहावीचा निकालच लागत नाही, तर त्याला १३ टक्क्यांतला कुठला टक्का मिळणार?

आणि इथंच तिसऱ्या पत्रकाची खोट आहे. त्यात अ-ब-क-ड आहे, पण फडावरच्या पोराचं हॉस्टेल नाही. वेगळा टक्का आहे, पण कंत्राटी भरतीवर शब्द नाही. त्यांनीही दारातलीच माणसं मोजलीत. डबे मोजले नाहीत. वस्ताद लहुजी साळवे यांच्या नावानं मातंग समाजाचा अभ्यास करायला शासनानं आयोग नेमला होता, त्याच्या शिफारशींचं काय झालं हे त्या फोटोतल्या पुढाऱ्याला विचारायची हिंमतही पत्रकात नाही.

मग काय मागायचं

समीक्षकानं नुसते दोष काढून हात झटकू नयेत. माझं म्हणणं असं.

एक. आकडे आधी. ५९ जातींचे, खात्याखात्याचे, आणि वर्ग एक ते चार वेगवेगळे. वर्ग चार वेगळा मोजायचं कारण झाडू. सफाईच्या कामात मेहतर-वाल्मीकी भरपूर दिसतील. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणं तिथं बापाच्या जागी वारस लागतो. त्याला आज ती नोकरी हवी, कारण तीच एक पक्की नोकरी उरलीय. ती काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण ती माणसं एकूण बेरजेत धरून ‘यांना पुरेसं मिळालं’ असा हिशेब कुणी केला तर तो हिशेब फाडून टाका. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनीही आपल्या निकालपत्रात म्हटलंय की नुसती डोकी मोजून चालणार नाही, प्रतिनिधित्व परिणामकारक आहे का ते बघा. हे वाक्य आपल्या कामाचं आहे. पाठ करा.

दोन. विभागणी झालीच तर टक्के तोडून पिंजरे करू नका. सात जागांच्या कार्यालयात १३ टक्के म्हणजे जेमतेम एक जागा. तिचे तुकडे कसे करणार? पंजाबसारखी पसंती द्या. काही बिंदूंवर पहिला हक्क सगळ्यात मागं राहिलेल्यांचा. तिथं उमेदवार नाही मिळाला तर जागा अनुसूचितांतल्याच दुसऱ्याला. खुल्याकडं वळता कामा नये, ‘योग्य उमेदवार नाही’ म्हणून रिकामी राहता कामा नये. ही अट कायद्यात लिहून घेतली नाही, तर विभागणीचा फायदा मातंगालाही नाही नि बौद्धालाही नाही.

तीन. पायरी खालून बांधा. फडावरच्या पोरांना हंगामी हॉस्टेल. शिष्यवृत्तीची मर्यादा आठ लाख. सवर्ण दुर्बलाला जी, ती आम्हाला का नको? आणि पैसे त्याच वर्षात, पोरानं कॉलेज सोडल्यावर नाही.

चार. डबे वाढवा. कंत्राटी भरतीला बिंदुनामावली, खाजगी क्षेत्रात आरक्षण, उच्च न्यायालयापासून वर प्रतिनिधित्व. ही मागणी दोन्ही पत्रकांत नव्हती. दोन्ही वाड्यांची सामाईक मागणी हीच एक आहे, आणि तीच दोघांनी वगळली.

१८५५ साली जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या एका मांगाच्या चौदा वर्षांच्या मुलीनं निबंध लिहिला, ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मुक्ता साळवे. मांग आणि महार दोघांच्या दुःखाविषयी. तिनं एका निबंधात दोन्ही वाडे बसवले. आणि अण्णाभाऊंनी १९५९ ला ‘फकिरा’ बाबासाहेबांना अर्पण केली. आपण विहारात मुक्ताचा फोटो लावलाय का? मी आमच्या विहारात बघून आलो. नाही.

तीन आठवड्यांनी मी त्या पोराच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, ‘लई दिसानं वाट चुकलाव दादा.’ चहा झाला. पोरगा म्हणाला, त्याला उपवर्गीकरण हवंय, पण क्रीमी लेअर नको, आणि त्या फोटोवाल्या पत्रकावर त्याचाही विश्वास नाही. म्हणजे तिन्ही कागद त्यानं माझ्याआधी नीट वाचले होते. मी त्याला विचारलं, चौथा कागद आपण दोघं मिळून लिहायचा का? तो म्हणाला, ‘लिवू. पन बैठक आमच्या गल्लीत. आन् पहिल्या ओळीत कुनाचं नाव पहिलं, त्यावर भांडन झालं तर होऊ द्या.’

बैठक येत्या रविवारी, संध्याकाळी सातला, लहुजी चौकात. बसायला सतरंजी आपणच न्यायची आहे. विहारातली मोठी सतरंजी कुणाकडं आहे त्यानं आणून द्यावी.

जय भीम. जय लहुजी.